घ्यायचं नसलं तरी बघून जा

आमच्या मजल्यावर सकाळी नळ येतो तेव्हा भांडणही येतं. पाणी कमी आलं तर भांडण जास्त येतं. त्या दिवशी सुनंदा आणि कांबळेबाई एका कळशीवरून इतक्या पेटल्या होत्या की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन बसली होती. कांबळेबाईंनी सुनंदाच्या माहेरचा उद्धार करायला तोंड उघडलं, एवढ्यात दोघींच्या मधे एक बोट आलं. बोटामागे विलास मेस्त्री. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश.

ब्रश काढून तो म्हणाला, "श्श. ऐका."

दोघी गप्प झाल्या. त्यांना वाटलं कोणी गेलं. चाळीत एवढ्या सकाळी गप्प बसायला सांगतात ते त्याचसाठी. मग त्या शांततेत लांबून आवाज आला. टुक, टुक, टुक. कोणी तांब्यावर बारीक हातोडी मारतंय तसा.

"तांबट," विलास म्हणाला. "समोरच्या पिंपळात. वरच्या फांदीवर बघा. अंग सगळं पोपटी. कपाळाला लाल टिकली. गळ्याला हळदी पट्टी, तिच्याखाली परत लाल. डोहाळजेवणाची साडी आहे ही. घ्यायचं नसलं तरी बघून जा."

सुनंदाने बघितलं. कांबळेबाईंनी पण बघितलं. मग कळशी आधी कोणी लावली होती ते दोघींनाही आठवेना. हे लक्षात आल्यावर दोघींनी मिळून विलासला झापलं.

हा विलास. आमच्या लालबागच्या चाळीतला, माझ्यापासून चार दारं सोडून. चाळिशी ओलांडलेला, बारीक, कपाळावरचे केस मागे हटलेले. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात सेल्समन. बारावी झाल्यावर लागला तो तिथेच. माणूस दुकानातून घरी येतो, हा दुकान घेऊनच घरी यायचा. वर्तमानपत्र उघडायचं तर पदर उघडावा तसं फडकन उघडणार. सुनंदाने आमटीची वाटी दिली तर आधी खिडकीपाशी नेऊन रंग बघणार. याच गुणामुळे त्याचं लग्न राहिलं. मुलगी बघायला गेला, मुलगी पोह्यांची ताटली घेऊन आली, सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत आणि हा खाली बघून म्हणाला, "फॉल उलटा लागलाय." फॉल मुलीच्या आईने लावला होता.

मी कोण ते सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे मला शाळेची आणि शाळेला माझी गरज वाटली नाही. मिलमध्ये जिथे कापड विणतात त्या साचेखात्यात मी जवानी घालवली. मिल गेली, पण हाताला कापड कळतं ते अजून कळतं. त्यामुळे कापडाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. विलास नेमकं तेच करायचा. मी विणलेलं त्याने विकायचं आणि वर मला सांगायचं की हा रंग अमुक. अशी आमची दोस्ती.

विलासला पाखरांचा नाद लागला तो दुकानाच्या दारात. साडीच्या दुकानात सगळा ट्यूबलाइटचा उजेड. बाईला रंगाचा भरवसा वाटत नाही. ती साडी उचलते आणि दारात जाते, उन्हात धरून बघायला. साडीबरोबर सेल्समनला पण दारात जावं लागतं. एका पावसाळ्यात हिंदमाताला नेहमीसारखं पाणी तुंबलेलं, बाई दारात उभी राहून मोरपंखी साडी बघत होती. विलासने वर बघितलं तर समोरच्या वायरीवर तोच मोरपंखी रंग. खंड्या बसला होता. रस्त्याच्या पाण्याकडे असा बघत होता की आता मासा मिळणार.

"आप्पा," तो मला सांगायचा, "मी साडी बघितली, मग त्याला बघितलं. मग परत साडी. साडी फिकी पडली हो. चॉकलेटी डोकं, पांढरी छाती आणि पाठीवर तो मोरपंखी. असं कॉम्बिनेशन आमच्याकडे आजवर आलं नाही."

बाईने ती साडी घेतली नाही. विलासला त्याचं काही वाटलं नाही. शेठला वाटलं.

तेव्हापासून दुर्बीण आली. पुस्तकं आली. मग त्याने शेठकडून अर्धा रविवार मागून घेतला, त्याच्या बदल्यात दिवाळीची सुट्टी सोडली, आणि निसर्ग राखायचा एक कोर्स लावला. त्याच्या वर्गातली मुलं त्याला आधी मास्तर समजली आणि उभी राहिली. कोर्स पुरा झाल्यावर एका संध्याकाळी गॅलरीत माझ्या बाकड्यावर येऊन बसला.

"आप्पा, मी लाइन बदलणार."

"या वयात?"

"गावाकडची रानं सांभाळायचं काम असतं. राई असते, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. गायरान, तळी, ओढे असतात. झाडांवर नजर ठेवायची. वणवा लागू द्यायचा नाही. गुरं कुठे चरतील, लाकूड कोण नेईल, ते गावाशी बोलून ठरवायचं."

"म्हणजे फॉरेस्ट गार्ड."

"गार्डला दंडा असतो आप्पा. इथे नुसतं तोंड."

हे चाळीत पसरायला वेळ लागला नाही. खालची मुलं त्याला 'फॉरेस्ट' म्हणायला लागली. जिन्यात गाठून विचारायची, "विलासदादा, वाघाला फॉल लावणार की पिको?" विलास थांबायचा, गंभीरपणे सांगायचा, "वाघाला पट्टे विणताना येतात, वेगळं काही लावायची गरज नाही." आणि पुढे जायचा. चिडवणाऱ्याला पण त्याने गिऱ्हाईकच समजलं.

एकदा आख्ख्या मजल्याला शिवडीला घेऊन गेला, फ्लेमिंगो दाखवायला. खाडीच्या चिखलाचा वास येत होता, सुनंदा नाकाला पदर लावून उभी होती. लांब चिखलात फिकट गुलाबी ठिपके. "ह्यासाठी आणलंस?" कांबळेबाई म्हणाल्या. विलास म्हणाला, "बाई, घडी बघून माल ठरवू नका. उघडू देत." कुठल्याशा होडीच्या आवाजाने तो थवा उठला आणि सगळ्यांचे पंख एकदम उघडले. आत लालभडक, कडेला काळा काठ. विलासने दोन्ही हात पसरून हवेत असा झटका दिला की जसा काही त्यानेच पदर उघडला. परत येताना कांबळेबाई एवढंच म्हणाल्या, "काळा काठ कधी आवडला नव्हता मला."

पण नोकरी मिळेना. एका ठिकाणी विचारलं, पदवी कुठली. याच्याकडे पदवी नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, मोटारसायकल येते का, कारण वाड्या लांब-लांब असतात. याने साधी सायकल चालवलेली नव्हती. घरी येऊन म्हणाला, "आप्पा, तुमच्या पुतण्याची स्कूटर असते ना खाली?"

पुतण्या हो म्हणाला, पण स्कूटर एकटी द्यायची नाही असं मीच ठरवलं. मागे मी बसलो. स्कूटरकडे लक्ष ठेवायला. पाच-सहा रविवारांत त्याला बरं जमायला लागलं. म्हणजे पाय जमिनीला टेकवत टेकवत चालवायचा, पण चालवायचा. एका सकाळी आम्ही मिरची गल्लीतून निघालो. दोन्ही बाजूंना मसाल्याची दुकानं, बाहेर सुक्या मिरच्यांची उघडी पोती. कोणाच्या तरी खिडकीत जास्वंदीची कुंडी होती आणि तिच्यावर अंगठ्याएवढं एक पाखरू. विलासने वर बघितलं. स्कूटर सरळ बघत होती, ती बेडगी मिरचीच्या पोत्यात गेली. आम्हीही गेलो.

मला वाटलं, हा आता विचारेल, आप्पा लागलं का. तो मिरच्यांत बसून खिडकीकडे बघत होता.

"शिंजीर, आप्पा." शिंकला. "जांभळा. मान वळवली की हिरवा. अस्सल धूपछाव."

"धूपछावाला उभा धागा एका रंगाचा लागतो, आडवा दुसऱ्या रंगाचा." मी पण शिंकलो. "पाखराला उभा-आडवा धागा असतो काय रे?"

"दिसतं तर तसंच ना?"

"दिसलं म्हणून होत नाही. साच्यावर मी काढलाय धूपछाव. पाखराला तो शब्द लावायचा नाही. मी जिवंत आहे तोपर्यंत तरी नाही."

"मग काय म्हणू?"

"जांभळा म्हण. हिरवा म्हण. एक काय ते ठरव."

दुकानदार डोळे पुसत म्हणाला, "तुम्ही दोघं आधी माझ्या बेडगीवरून उठा, मग काय ते ठरवा."

या धूपछावावरून आमचं पुढे कित्येक दिवस चाललं. तो जिन्यात भेटला की नुसतं "धूपछाव" म्हणायचा. मी "जांभळा" म्हणायचो. नमस्काराऐवजी.

अखेर एका संस्थेने त्याला बोलावलं. तळकोकणातल्या एका गावची राई, तिच्या शेजारचं गायरान आणि तळी, एवढं सांभाळायला माणूस पाहिजे होता. मुलाखत कशी झाली ते त्याने रात्रीच्या जेवणाआधी गॅलरीत सगळ्यांना करून दाखवलं. तिघे बसले होते. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, समजा गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, देवळाच्या मंडपाला राईतलं लाकूड पाहिजे म्हणाली, तर तुम्ही काय कराल?

"मी म्हटलं, आधी बसायला गादी देईन. मग पाणी विचारीन. नाही कधी म्हणायचं नाही, नाही म्हटलं की गिऱ्हाईक इरेला पेटतं. मग सगळा माल उघडून दाखवीन. हे झाड किती जुनं, ह्याच्या ढोलीत कोण राहतं, ह्याच्या मुळाशी पाणी कसं थांबतं, ते तळीत कसं उतरतं. घ्यायचं नसलं तरी बघून जा. मॅडम, मी अठराव्या वर्षापासून हेच बघतोय. बाई दुपारभर साड्या बघते, बघून बघून पोट भरतं, आणि काही न घेता उठून जाते. शेठ त्याला धंद्याचा नाश म्हणतो. रानाला तेच पाहिजे ना?"

"मग?" सुनंदाने विचारलं.

"हसले. मॅडम म्हणाल्या, आणि तरी ऐकलं नाही तर? मी म्हटलं, मग शेठला बोलावीन. शेठ कोण? म्हटलं, गावचा देव. राई त्याच्या नावावर आहे. त्याला कौल लावू, तो काय म्हणतो बघू. देवाला विचारल्याशिवाय कोकणात कोणी फांदी तोडत नाही, हे मला आयेने शिकवलंय."

चार-पाच दिवसांनी फोन आला. विलासला घेतलं. चाळीत पेढे वाटले. खालच्या मुलांनी जिन्याला झाडाच्या फांद्या बांधल्या. फांद्या तोडल्या म्हणून विलासने त्यांना तासभर ऐकवलं, मुलांनी ते हौसेने ऐकून घेतलं.

आणि मग हा जाईना.

रोज सकाळी डबा घेऊन हिंदमाताला जायचा, रोज संध्याकाळी परत यायचा. कधी निघतोस विचारलं की म्हणायचा, "बघू." जन्मभर दुसऱ्याला बघा म्हणणारा माणूस बघू म्हणायला लागला की समजावं काहीतरी अडलंय.

त्यात ते दाराचं प्रकरण. विलास संध्याकाळी घरी आला की थोडा वेळ दार लावून घ्यायचा. बाहेरचं माणूस म्हणेल, त्यात काय. चाळीत दार दोनदाच लावतात. नवीन लग्न झालं की, आणि मटण कमी असलं की. विलासकडे दोन्ही नव्हतं. घरात तो आणि त्याची आई, आमच्या इंदूवयनी. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. पण बाई अशी की बाहेरच्याला कळायचं नाही. नळावर स्वतः जाणार, पायांच्या आवाजावरून माणूस ओळखणार, भाताला कड आला की वासाने उठणार.

सुनंदाचं म्हणणं, विलासने आत घुबड पाळलंय आणि त्याला सोडून जाववत नाही म्हणून नोकरी अडली. कांबळेबाईंचं म्हणणं, साप. वयाने मोठा म्हणून खरं काय ते बघायला मला पाठवलं. मी कोणाच्या दाराला कान लावणारा माणूस नव्हे. मी दाराजवळ उभा राहिलो. कान माझ्याबरोबर होता, त्याला मी काय करणार.

आतून विलासचा आवाज आला. दुकानातला.

"या बाई, बसा. गादीवर बसा, अशा टेकून. पाणी आणू? बोला, काय दाखवू?"

"आज नवीन काय इला?" वयनींचा आवाज.

"आजच आलाय माल. बघा. पूर्ण अंग हळदी. पिवळा नाही म्हणत मी, हळदी. लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद. आणि पंखाला काळा काठ."

"रुंद काठ?"

"मध्यम. डोळ्यातून एक काळी रेघ, काजळासारखी. चोच गुलाबी. हळद्या म्हणतात. सकाळी दुकानासमोरच्या झाडावर होता."

"एका हळदीच्या साडीक मी फॉल लावललंय. माहीमची ती बाई नाय, मुलीच्या लग्नाची. तसो रंग?"

"तस्साच. त्याच्यात अजून थोडी चमक घाल."

वयनी म्हणाल्या, "दिसलो. बेस आसा. आता दुसरो दाखव. काल राखाडीच दाखवलंस, सगळो राखाडी माल माज्या गळ्यात मारू नको."

मी बाहेर उभा होतो. इंदूवयनींनी जन्मभर हिंदमाताच्या दुकानांसाठी घरी बसून साड्यांना फॉल लावले. विलास लहानपणी त्या साड्यांची थप्पी डोक्यावर घेऊन पोचवायला जायचा, तिथूनच तो दुकानात लागला. हजारो साड्या वयनींच्या मांडीवरून गेल्या. गादीवर बसून स्वतःसाठी साडी बघायला त्या कधी गेल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. आमच्या घरातल्या बायका तरी कुठे गेल्या होत्या. डोळे गेले तरी ते सगळे रंग त्यांच्याकडे शिल्लक होते. तेवढेच होते. विलास दिवसभर पाखरांना साड्या का नेसवत फिरतो, ते मला त्या दारात कळलं. आम्ही इतकी वर्षं त्याला दुकानाची खोड म्हणत आलो.

"भावोजी," आतून हाक आली, "दारात कित्याक उभे? चप्पल वाजली तुमची. आत येवा. बघूक पैसे पडनत नाय."

मी आत गेलो. विलास लाजला. गादी खरंच अंथरली होती, पांढरी चादर घालून. वयनी पाय मुडपून, गिऱ्हाईकासारख्या बसल्या होत्या.

मग गॅलरीत त्याने मला सांगितलं. आईला बरोबर न्यायचं म्हणत होता. गावाने घर पण बघून ठेवलं होतं, राईपासून जवळ. वयनी तयार नव्हत्या.

"मी तिला समजावलं आप्पा. ती म्हणते..."

"मी काय म्हणतंय ता मीच सांगतंय," वयनी दारात येऊन उभ्या होत्या. "भावोजी, हंय माका सगळा दिसता. नळ खंय, जिनो खंय, कोण इला, कोण गेला. थंय गेलंय तर मी आंधळी होतलंय. म्हणून मी येणंय नाय. पण ह्यान जावक होया. माजे डोळे गेले म्हणून ह्याचे कित्याक बांधून ठेवायचे?"

"जेवणखाण कोणीही बघेल, आप्पा," विलास हळू म्हणाला. "पण संध्याकाळी हिला कोण दाखवणार?"

हे बोलायची त्याला गरज नव्हती. मी साच्यावर काम केलेला माणूस. "का? मला रंग कळत नाहीत?" मी म्हटलं.

"तसं नाही आप्पा."

"तसं नाही तर कसं? बसव मला गादीवर."

दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा झाली. वयनी बसल्या, विलासने पुस्तकातलं खंड्याचं चित्र मला दाखवलं. मी सांगितलं, "निळा."

"निळो म्हणजे कसलो?"

"निळा म्हणजे निळा."

"ह्या माणसान साचे चालवल्यान?" वयनी विलासला म्हणाल्या.

मला राग आला. मग मी माझ्या भाषेत सांगितलं. नीळ दिलेलं, पण कोरं, अजून एकदाही धुतलेलं नाही असं पॉपलीन, त्याच्यावर सकाळचं ऊन पडलंय. वयनींनी मान हलवली. "हा. दिसलो." विलासने तोंड फिरवून नाक पुसलं. म्हणाला, मिरचीचा वास अजून जात नाही.

तो गेला. जाताना चाळभर सगळ्यांच्या पाया पडला आणि जिन्यात मला "धूपछाव" म्हणून गेला. मी "जांभळा" म्हटलं. दुपारचा डबा वयनींना कोण देणार यावरून सुनंदा आणि कांबळेबाईंचं भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. वयनींना दोन्हीकडून मासे येतात.

विलासच्या त्या गावात फोन लागत नाही. राईच्या टोकाला एक कातळ आहे, त्याच्यावर चढलं की रेंज येते. संध्याकाळी तो तिथे चढतो आणि माझ्या फोनवर फोन करतो. मी मोठ्या आवाजावर लावून वयनींच्या गादीवर ठेवतो. "या बाई, बसा," तिकडून आवाज येतो, "काय दाखवू?" रानात माल भरपूर आहे. कधी नुसत्या झाडांचे पदर दाखवतो, पळसाचा, पांगाऱ्याचा. रंगावरून माझं पटलं नाही तर मी मधे बोलतो. वयनी म्हणतात, "दोघे एकदम बोलू नकात, माका नीट बघूक देवा." कुऱ्हाडी घेऊन अजून कोणी आलं नाही. चार माणसं रागाने आली होती, गुरांना तळीवर जायला राईतून वाट पाहिजे म्हणून. त्यांना बसवलं, पाणी दिलं, राई दाखवली. संध्याकाळ होईपर्यंत बघत बसली आणि गुरं घेऊन जुन्या वाटेने परत गेली. भांडण संपलं नाही म्हणाला, परत येणार आहेत. "येऊ देत," म्हणाला, "गिऱ्हाईक परत येतं म्हणजे दुकान चांगलं."

एका संध्याकाळी फोन आला नाही. वयनी गादीवर बसून राहिल्या. मी फोन हलवून बघितला, गॅलरीत नेऊन बघितला. वयनी उठल्या नाहीत. मी कठड्यापाशी उभा होतो. कठड्यावर एक कबूतर येऊन बसलं. ह्या जातीला मी आयुष्यभर टॉवेलने हाकललंय. टॉवेल उचलला, तेवढ्यात उतरतं ऊन त्याच्या मानेवर आलं.

"वयनी," मी म्हटलं, "एक इलो आसा."

"कसो आसा?"

"अंग राखाडी. न धुतलेल्या मांजरपाटासारखं."

"राखाडी नको म्हटलंय ना."

"थांबा. मान बघा. हिरवी आहे. आता वळवली, जांभळी झाली. परत हिरवी."

"म्हणजे धूपछाव?"

मी कबुतराकडे बराच वेळ बघत राहिलो. उभा धागा नाही, आडवा धागा नाही.

"हो," मी म्हटलं. "धूपछाव."

हे विलासला सांगायचं नाही असं मी वयनींकडून वचन घेतलंय.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन वेळेवर आला. काल कातळावर दाट धुकं होतं म्हणाला, चढता आलं नाही. आईला दोन पाखरं दाखवली, एक झाड दाखवलं. नंतर म्हणाला, "आप्पा, फोन ठेवू नका."

"का रे?"

"गॅलरीत नेऊन ठेवा. कठड्यावर. बोलायचं काही नाही."

"मग?"

"इथे संध्याकाळी फार शांत असतं हो. पाखरं झोपली की काहीच नसतं."

मी फोन कठड्यावर ठेवला आणि बाजूला बसलो. खाली कोणाचा कुकर वाजला. मुलं जिन्यातून धडधडत गेली. नळाला संध्याकाळचं पाणी आलं, त्याबरोबर सुनंदा बाहेर आली, पाठोपाठ कांबळेबाई. कळशी कोणी आधी लावली यावरून सुरू झालं. आवाज चढला. कांबळेबाई सुनंदाच्या माहेरावर आल्या.

मी बोट वर केलं होतं, गप्प बसवायला. फोनमधून काही आवाज येत नव्हता, पण तो चालू होता.

मी बोट खाली घेतलं.